मेण लावलेली बाटली

सन १९४१. एप्रिल महिना, रविवारची सकाळ. ठिकाण अकोल्यातला एक जिनिंग कारखाना. रक्कम तीनशे रुपये, सहा महिन्यांत मिळून द्यायची ठरलेली. हजर माणसं पाच: कारखान्याचे मालक शेटजी, त्यांचे मुनीम, सुपडा फिटर, दिगंबर आणि मी. त्या सकाळी काय झालं ते पाचही जणांनी पाहिलं. का झालं ते एकट्या मला ठाऊक होतं. आजही एकट्या मलाच आहे. बायकोला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडतानाही तेवढा भाग गाळूनच बोलत आलो.

तुम्हाला सांगतो आहे. का तुम्हाला? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशाळेत काम करतो. मुलांना वजनं-मापं शिकवणं, काचसामान मोजून देणं-घेणं, तराजू सांभाळणं. गाव माझं हिवरखेड, घरची काळीची शेती, पण मला लहानपणापासून आकड्यांचं वेड. कॉलेजात मला मागून ‘तराजू’ म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. माझ्या हातून निघालेला आकडा कोणी पुन्हा तपासत नसे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दिगंबर माझ्याहून सात वर्षांनी लहान. नांदगाव खंडेश्वरकडचा, माळ्याच्या घरातला. बाप बाजारात वांगी-मिरच्या विकायचा, आणि हा बी.एस्सी. होऊन आमच्याच कॉलेजात हंगामी नोकरीला लागला. त्याला एकच नाद होता — लोखंडाचं काळं भस्म. चुंबकाकडे धावणारं.

ते तो असं करायचा. हिराकशीचं पाणी आणि लोखंडाच्या दुसऱ्या क्षाराचं तांबूस पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळायचा, गरम करायचा, आणि त्यात नवसागराचा तिखट अर्क थेंबाथेंबानं सोडायचा. पाहता पाहता सगळं काळं. मग तो गाळ ऊर्ध्वपातित पाण्यानं — म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी केलेल्या, काहीही न विरघळलेल्या पाण्यानं — धूत बसायचा. शेवटी गोड्या तेलाच्या साबणाचं बोट लावायचा. मग तो गाळ तळाशी बसायचाच नाही. काळी शाई असावी तसं पाणी, महिनाभर ठेवा, तसंच्या तसं. कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यातला दाणा दिसेना, इतका बारीक. पण बाटलीला बाहेरून चुंबक लावला की आतलं काळं सगळं त्या बाजूला गोळा व्हायचं, मांजर चुलीकडे सरकतं तसं.

मोजमाप माझ्याकडे होतं. नळीत पूड भरायची, ती तराजूच्या पारड्याखाली, विजेच्या चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये टांगायची, वीज सोडून वजन करायचं, वीज तोडून पुन्हा करायचं. त्यातून एक विचित्र गोष्ट हाती आली. जाडी पूड एकदा चुंबकाजवळ नेली की थोडं चुंबकत्व स्वतःपाशी ठेवून घेते. हे पुस्तकातही आहे. दिगंबरची बारीक पूड मात्र काहीच ठेवून घ्यायची नाही. वीज तोडली की काटा जिथून निघाला तिथेच परत. मी किती वेळा तपासलं असेल. दिगंबर हसायचा. म्हणायचा, “दादा, तुमी तपासलं त झालं. आता देवानं नाई म्हटलं तरी मी मानत नाई.”

या गुणाचा उपयोग त्यानंच शोधला. लोखंडात बारीक चीर असेल, डोळ्याला न दिसणारी, तर ते लोखंड चुंबक केल्यावर त्या चिरेपाशी चुंबकत्व बाहेर सांडतं. तिथे ही शाई ओतली की काळी पूड चिरेवर धरून बसते आणि रेघ उमटते. एका मोडीत काढलेल्या टांग्याच्या कण्यावर आम्ही ते केलं. कण्याला खडू फासला, तार गुंडाळली, शाई ओतली — आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ. टांगेवाला पाहून म्हणाला, “बाप रे, मी याच्यावर वरातीच्या वराती नेल्या.” आम्ही कितीतरी वेळ हसत होतो.

तेव्हा लढाई सुरू होती. विलायतेहून यंत्रांचे सुटे भाग येणं दुरापास्त झालं होतं. अकोल्याच्या शेटजींच्या कारखान्यात सगळ्या रेच्यांना — कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांना — फिरवणारा एक लांब शाफ्ट होता. जुना. तो मोडला असता तर नवा मिळणार नव्हता. आणि चालू असताना मोडला तर माणसांवर येणार होता. शेटजी म्हणाले, हंगाम संपला की शाफ्ट खाली उतरवतो, चीर दाखवा, सहा महिन्यांचे तीनशे रुपये देतो. इकडे प्रिन्सिपॉलसाहेबांनी दिगंबरला सांगून ठेवलं होतं, बाहेरून कोणी पैसा दिला तर नोकरी पुढे चालेल, नाहीतर नाही. म्हणजे त्या एका शाफ्टवर दिगंबरचं सगळं होतं. नोकरी, प्रयोगशाळेतला कोपरा, त्याचं काळं भस्म.

तो दोन दिवस आधी तारा, बॅटऱ्या आणि घट्ट शाईची लहान बाटली घेऊन अकोल्याला गेला. शाई तिथे बादलीत पातळ करून ओतायची होती. त्यासाठी पाणी हवं — आमचंच, ऊर्ध्वपातित. दहा शेरांची एक मोठी काचेची बाटली त्यानं भरली, बूच लावलं, बुचावर मेण ओतलं, गवत घालून टोपलीत बसवली. अकोल्याजवळ माझी सासुरवाडी. मी शनिवारी जाणारच होतो. ती मी आणायची, एवढंच माझं काम.

निघताना तो म्हणाला, “दादा, उभीच ठेवजा. आडवी करू नोका.”

मी आडवी केली.

माझ्याजवळ सासऱ्यांसाठी संत्र्यांची करंडी होती. डब्यात गर्दी. करंडी उभी ठेवली तर बाटलीला जागा उरेना, बाटली उभी ठेवली तर संत्री चेंगरली असती. जावई चेंगरलेली संत्री घेऊन जातो का? मी बाटलीची टोपली बाकाखाली आडवी सरकवली. एप्रिलचं ऊन. मेण मऊ झालं. मुर्तिजापूर सोडल्यावर पायाला ओल लागली, तेव्हा वाकून पाहिलं. बाटलीत तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं.

इथपर्यंत अपघात आहे. इथपर्यंतचं मी कोणालाही सांगू शकलो असतो. दिगंबर दोन शिव्या हासडता आणि शेटजींना म्हणता, पुढच्या रविवारी करू. आठ दिवसांचा प्रश्न होता. फक्त — ‘तराजू’नं बाटली आडवी ठेवली होती, हे सगळ्यांना कळलं असतं. एवढीच किंमत होती ती. मी ती दिली नाही.

माझी सासुरवाडी अकोल्याच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यात. तिकडच्या विहिरींचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही. साबण फेस धरत नाही, त्याच्या नुसत्या चोथ्यासारख्या गुठळ्या होतात. प्यायचं गोडं पाणी बायका लांबून डोक्यावर आणतात. माझं स्वतःचं आजोळ त्याच पट्ट्यात. त्या पाण्यात साबण फुटतो हे मी रसायनशाळेत शिकलो नाही, आईनं मला न्हाऊ घातलं तेव्हाच शिकलो. आणि दिगंबरच्या शाईतला दाणा न् दाणा साबणाच्या आधारानं तरंगत होता, हेही मला ठाऊक होतं. त्या साबणाचं वजन मीच केलेलं.

तरी मी विहिरीवर गेलो. घरात गोड्या पाण्याचा रांजण भरलेला होता, पण त्यातलं दहा शेर मागायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. बाटली विहिरीच्या पाण्यानं भरली. उजेडापुढे धरून पाहिली. पाणी स्वच्छ होतं. मनाशी म्हटलं — थोडा खार असेल, कितीसं बिघडणार? खरंच तसं वाटलं का मला? आज सांगता येत नाही. पण त्यानंतर मी काय केलं ते सांगता येतं. सासूबाईंकडून मेणबत्ती मागितली, बूच बसवलं आणि त्यावर मेण ओतलं. दिगंबरनं ओतलं होतं तस्संच, कडेला एक थेंब ओघळू देऊन.

अपघात मेण लावत नाही.

रविवारी सकाळी शाफ्ट लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला. सुपडानं घासून लख्ख केलेला, वर दिगंबरनं खडू फासून तार गुंडाळलेली. हा सुपडा पस्तिशीचा, दणकट, कारखान्यातला सगळ्यात जुना फिटर. त्यानं बादलीतलं काळं पाणी पाहिलं आणि मुनिमांना म्हणाला, “हे त नालीचं पानी दिसून राह्यलं. यानं लोखंडाचा रोग समजते?” दिगंबर म्हणाला, “नाडी पायतो रे बाबा, थोडा दम धर.” चांगल्या मजेत होता तो. नवं धुतलेलं धोतर नेसून आला होता. माझ्यासमोर त्यानं मेण फोडलं, पाणी बादलीत ओतलं, शाई मिसळली, ढवळली.

पहिली काही मिनिटं काळी शाईच दिसत होती. मग मी पाहिलं — दिगंबरच्या आधी मी पाहिलं, कारण मी तेच पाहायला टपलो होतो — बादलीच्या कडेला बारीक चोथा जमू लागला. फाटलेल्या दुधासारखा, पण काळा. दिगंबरनं ओतायला सुरुवात केली. गुठळ्या शाफ्टवरून घसरल्या, खडू घेऊन खाली गेल्या. सगळीकडे काळे बरबट डाग. रेघ नाही. त्यानं वीज वाढवली, पुन्हा ओतलं. पुन्हा डाग.

शेटजी सभ्य माणूस. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मास्तर, आता सांगा — शाफ्ट आजारी आहे, की तुमची दवा?” मुनीम हसले. सुपडाही हसला.

आणि — हे लिहायला सगळ्यात जड — क्षणभर मलाही बरं वाटलं. त्या कामावर नाव दिगंबरचं लागणार होतं. आकडे माझे, रात्रंदिवस तराजूवर डोळे माझे, आणि वाहवा माळ्याच्या पोराची. हे तोपर्यंत मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. शेटजी बोलले तेव्हा ते आपोआप वर आलं, आणि लगेच खाली गेलं. पण आलं होतं.

दिगंबर बादलीत बोटं घालून गुठळी चोळून पाहत होता. मग माझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर विचारलं, “वामनदादा, पानी आपलंच व्हय ना?”

मी म्हटलं, “मेण तूच फोडलं की आत्ता.”

त्यानं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. बाटलीत उरलेलं पाणी मी बाहेर नेऊन ओतून दिलं. जागा आवरतो, असं म्हणत.

रेघ उमटली नाही म्हणून शाफ्ट निरोगी ठरला आणि पुन्हा वर चढला; दुसरी परीक्षा शेटजींना नको होती. तीनशे रुपये राहिले.

पुढचं मला रोज पाहावं लागलं. अमरावतीत परत आल्यावर दिगंबर चूक शोधू लागला. उन्हानं साबण उतरला असेल, म्हणून त्यानं शाई उन्हात ठेवून पाहिली. काही झालं नाही. हिराकशीत भेसळ असेल, म्हणून दुसऱ्या दुकानातली आणली. तार बदलली, तेल बदललं. टांग्याच्या कण्यावर दर वेळी रेघ उमटायची, स्वच्छ, केसाएवढी. जितक्या वेळा उमटायची तितका तो खचायचा. चूक सापडली असती तर माणूस सावरला असता. त्याला चूकच सापडत नव्हती. एकदा म्हणाला, “दादा, मले वाटते मी एकटा असलो की मले पायजे तेच दिसते.” ज्याचे डोळे मी पाहिलेल्यांत सर्वांत खरे होते, त्याला मी त्याच्या डोळ्यांवर संशय घ्यायला लावला. आणि रोज त्याच्या शेजारी बसून काय करत होतो? वजनं. बिनचूक.

दिवाळीला त्याची नोकरी संपली. परतवाड्याला एका शाळेत त्याला काम मिळालं. भस्माच्या बाटल्या तो कपाटात ठेवून गेला. चाव्या माझ्याकडे.

डिसेंबरात, ऐन हंगामात, शाफ्ट चालता चालता मोडला. सुपडा शाफ्टवरून फिरणाऱ्या पट्ट्याजवळ होता. त्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

बातमी माझ्या मेहुण्यानं आणली. दिगंबरला ती मी सांगितली. तो महिन्याच्या पहिल्या रविवारी परतवाड्याहून अमरावतीला बाजाराला यायचा, तेव्हा माझ्या ओट्यावर. तो म्हणाला, “म्हणजे चीर होती. अन् मले दिसली नाई.”

ही माझी दुसरी संधी होती. पहिलीपेक्षा सोपी. शेटजी नाहीत, मुनीम नाहीत, ओट्यावर आम्ही दोघंच. मी काय म्हटलं? म्हटलं — लोखंड आहे, कधी तुटेल कोणी सांगावं? चहा घे, निवतो आहे.

जानेवारीपासून तो दर महिन्याला माझ्याजवळ पाच रुपये देऊ लागला, सुपडासाठी. शाळामास्तरचा पगार, घरी बायको, दोन मुली. मनिऑर्डर का करत नाहीस म्हटलं, तर म्हणाला, “नोका. तुमी जाता तिकडे, हातात देजा. हात कसा हाय ते पायजा.” सासऱ्यांच्या पश्चात तिकडच्या शेतीचा हिशेब माझ्याकडे आला होता, मी महिन्याकाठी जातच होतो. पहिल्यांदा पैसे नेले तेव्हा सुपडा त्याच्या दारात बसला होता, तुटका हात फडक्यात. म्हणाला, “मास्तरचा काय कसूर, साहेब? दवा नाई चालली त नाई चालली.” मग बायकोकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला.

तो डावा हात मी दर महिन्याला पाहिला. त्यावर पाच रुपये ठेवताना माझा हात कधी थरथरला नाही. माझ्या हाताची तीच तर ख्याती आहे.

गेल्या साली सप्टेंबरात दिगंबरला विषमज्वर झाला. भेटायला परतवाड्याला गेलो. ताप उतरणीला आहे असं त्याची बायको म्हणत होती. तो शुद्धीवर होता. उशाखालून त्या महिन्याचे पाच रुपये काढून दिले. मग आपणहून तो जुना विषय काढला — साडेपाच वर्षांनी. म्हणाला, “दादा, मी सगळं तपासलं होतं. हिराकस तपासली, साबन तपासला, तार तपासली. पानी तेवढं नाई तपासलं.”

मी त्याच्या उशाजवळचा पेला जरा बाजूला सरकवला.

“ते तुमी आणलं होतं ना,” तो म्हणाला. “मंग काहून तपासू?”

त्याला कळलं होतं का? त्या दिवसापासून हा एकच प्रश्न मी उलटून-पालटून पाहतो. त्याच्या डोळ्यांत शोधलं मी. आरोप नव्हता. थट्टाही नव्हती. तो जे म्हणाला तेच त्याला म्हणायचं होतं. ही तिसरी संधी. मी त्याचं पांघरूण नीट केलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

चार दिवसांनी तो गेला.

शेवटचे पाच रुपये सुपडाला दिले आणि सांगितलं की यापुढे येणार नाहीत, आणि का येणार नाहीत. त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाला, “आपल्या चुकीचे पैशे भरणारा मानूस म्या एकच पायला, साहेब.” मी म्हटलं, हो.

आता हिशेब. जानेवारी १९४२ ते सप्टेंबर १९४६, एकही महिना न चुकता, दरमहा पाच रुपये. एकूण दोनशे पंच्याऐंशी. दिले दिगंबरनं, मिळाले सुपडाला.

आणखी एक रक्कम आहे. पैसे पोचवण्याच्या गाडीभाड्यात आपला वाटा म्हणून दिगंबर दर खेपेला आठ आणे वेगळे काढून माझ्या हातावर ठेवायचा. मी पहिल्यांदा नको म्हटलं. मग घेत गेलो. एकूण अठ्ठावीस रुपये आठ आणे. दिले दिगंबरनं. मिळाले मला.